डोंगरवीजची कॅसेट

८ जानेवारी २०२५

आठ गाणी ऐकली. त्यातली पाच उसनी! तीन हिंदी, दोन इंग्रजी. उरलेली तीन त्यांची स्वतःची.

काल कृष्णराजनं एका जुन्या कॅसेटची गाणी पेनड्राइव्हवर दिली. आमच्या शाळेत तो गणित शिकवतो, मी गाणं. इतकी वर्षं एका टेबलावर डबा खातोय, पण हा पठ्ठ्या कॉलेजात असताना रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा, याचा मला पत्ताच नाही! बँडचं नाव 'डोंगरवीज'. एक्क्याण्णव साली तुळजापुरात एका लॉजच्या खोलीत, दाराखिडक्यांना गाद्या लावून, चौघांनी ही कॅसेट भरली. आता ती त्याला इंटरनेटवर टाकायची आहे.

"सोबत चार शब्द तू लिही, राजेश्वरी. खरे लिही. हसं होणार असेल तर राहू दे."

पहिल्यांदा ऐकून वाटलं — हसं होणार.

९ जानेवारी

पुन्हा ऐकली. इंग्रजी गाण्यांत गायक — गौरीशंकर — ओल्या फरशीवर चालावं तसा शब्द जपून टाकतो. हिंदी बरी, पण नक्कल ती नक्कल.

मग सहावं. 'यष्टी गेली, धूळ ऱ्हायली, म्या कुणाला हात केला?' ड्रम नाहीच — संबळ! गिटार उतरलेली, मधेच कुणीतरी खोकतंय. आणि तोच गौरीशंकर असा मोकळा सुटतो, की माझी भाजी करपली.

११ जानेवारी

उसन्या गाण्यांवर मी अन्याय करत होते. चौथ्याच्या शेवटी मूळ चाल सोडून गौरीशंकर एक हरकत घेतो, घरच्या वळणाची. क्षणभरच, मग दचकून माघारी येतो! पण सहाव्याची वाट तिथूनच फुटली. दुसऱ्याचं गाता गाता पोरांना स्वतःचा गळा सापडला. हेच लिहायचं.

१३ जानेवारी

घोटाळा! गौरीशंकर नाही म्हणतोय. टाकायचीच तर फक्त उसनी टाका, असा निरोप बँडमधल्या एकाकरवी आलाय. आमची गावंढळ गाणी नकोत.

कृष्णराज डबा न उघडता बसला होता. मग बोलला. ब्याण्णवला सोलापुरात स्पर्धा होती. हे यष्टीचं गाणं सुरू झालं आणि 'म्या' म्हटल्याबरोबर हॉल हसला.

"आणि मीपण हसलो. स्टेजवर, त्याच्या शेजारी उभा राहून."

गौरीशंकर गाणं अर्धं सोडून खाली उतरला. तेव्हापासून दोघं बोललेले नाहीत.

१९ जानेवारी, रविवार

लोहाऱ्याला गेलो. कृष्णराज येईना, मीच ओढून नेला.

गौरीशंकरचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान, मागं घर. माणूस उंच, कपाळाला भस्म, आवाज इतका हळू की मलाच पुढं वाकावं लागलं. बायको गंगम्मानं चहा दिला. मी सांगितलं — उसनी पाच चांगली आहेत, पण तुम्ही स्वतः त्या तीन गाण्यांत आहात.

"मॅडम, लोक हसले की!"

"मी नाही हसले."

आणि मोबाइलवर सहावं लावलं. गंगम्मा दारातच थबकली.

"ह्ये कोन गातंय?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं. "तुमी? लग्न होऊन इतकी वर्षं झाली, अंगाई बी म्हनला न्हाईत पोरास्नी!"

तेवढ्यात कृष्णराज म्हणाला, "गौऱ्या, मी हसायला नको होतं."

"लोक हसले त्याचं काय न्हाय रे. तू हसलास."

"व्हय."

गंगम्मा माझ्या हातातल्या मोबाइलकडं बोट करून म्हणाली, "परत लावा."

२० जानेवारी

होकार नाही. नकारही नाही. कृष्णराजनं आज डबा पूर्ण खाल्ला.

२३ जानेवारी

होकार आला! आठही गाणी, उसनी आधी, स्वतःची नंतर, जशी होती तशी. खोकल्यासकट.

लेख पूर्ण करून दोघांनाही पाठवला. शेवटचं वाक्य — 'एवढं गाऊन डोंगरवीज थांबली, ही आपल्या जिल्ह्याची हानी.' बरं जमलंय!

२६ जानेवारी

झेंडावंदनाहून आले तर गौरीशंकरचा फोन. "मॅडम, ते शेवटचं वाक्य काढा. आमी बसतोय परत वाजवायला. पन वरचा सूर आता मला लागत न्हाय. तो तुमी घ्या."

मी हो म्हणून बसले!