एका वेळी एकच हीटर

सूनबाई,

माझ्या ताईचं महिन्यापूर्वी पत्र आलं होतं, "घराचं काम संपेपर्यंत माझ्याकडे ये." मी उत्तरच दिलं नाही. तिला अडचण होईल की तुम्हाला वाईट वाटेल, हे ठरेना.

मघाशी माझ्या खोलीत जळका वास आला. हीटरचा प्लग काढताना बोटं पोळली. बोर्ड काळा पडलाय. वायरमननं बजावलं होतं, या तात्पुरत्या लाइनवर एका वेळी एकच हीटर. पण तू "बाबा, कुडकुडत वाचू नका," म्हणून माझाही लावलास आणि मला नको म्हणवलं नाही. भिंतीपलीकडेच छकुलीचा पाळणा. तू तिला दवाखान्यात नेलं होतंस, म्हणून निभावलं.

मेन स्विच बंद केलाय. वायरमन संध्याकाळी येईल, तोवर चालू करू नकोस. शेजारच्या काकूंना सांगितलंय, छकुलीला त्यांच्याकडे उबेत ठेव. नंतर फक्त तिचा हीटर लाव. चिरंजीवांना सांग, बाप रुसून गेलेला नाही.

ताईला "येतो" एवढंच लिहून पत्र पेटीत टाकून आलो. ते माझ्यानंतरच पोचेल, पण टाकलं नसतं तर मी जिन्यातूनच परत फिरलो असतो.

बाबा