गिटारीचं सोवळं

नांदगाव खंडेश्वर
२५ मार्च २०२५

तीर्थरूप शकुनताईस,
भगवंताचा सा. न. वि. वि.

परवा रविवारी सकाळी पूजा आटोपून मी कीर्तन ऐकायला टीव्ही लावला आणि पुढे जे करून बसलो, त्यापायी दोन दिवस घास गोड लागत नाही. फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन सदा आमच्या प्रणालीच्या हातात. तिच्या कानावर हे एवढ्यात जायला नको, म्हणून पत्र.

कीर्तनाच्या जागी गिटारीचा इतिहास चालू होता, हिंदीतून. लेक तुझ्याकडे राहून तेच वाद्य शिकली, म्हणून बसलो. चांगला होता. अरबांचं फुगीर पोटाचं वाद्य स्पेनमध्ये कसं पोचलं ते सांगितलं. एक म्हातारा कारागीर पातळ फळीला टिचकी मारून कान लावत होता. आपले बाबा टरबूज असंच पारखायचे, असं मी जमुनाला म्हटलंही. तेवढ्यात दाखवलं, की पूर्वी या वाद्याच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या असत. ओली आतडी पिळून, ताणून वाळत घातलेली. माझ्या कपाळावरचं गंध अजून ओलं होतं.

प्रणालीची गिटार संक्रांतीपासून आमच्या देवघरात आहे. परीक्षेच्या दिवसांत हात वळवळू नये म्हणून तिनेच ठेवली. पाच तारखेला मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो. पहिल्या संध्याकाळी हरिपाठाला ती वाजवणार, हे तुला ठाऊक आहे. भजनी मंडळाचे प्रमुख वामनराव किती मिनत्यांनी तयार झाले, तेही ठाऊक आहे. वाद्य सोवळ्यातलं पाहिजे, एवढीच त्यांची अट. आणि त्यांच्या घरीही रविवारी तोच चॅनल लागतो.

मी कुणाला काही विचारलं नाही. गिटार उचलली, गोमूत्राच्या पाण्याने आतून-बाहेरून पुसली आणि गच्चीवर उन्हात ठेवली. जमुना आईच्या काळजीने म्हणत होती, पोरीला एक फोन तर करा. दुपारी वर गेलो, तर तारा जिथे अडकतात ती खालची लाकडी पट्टी उखडून तारांना लोंबत होती. पोटही एका अंगाने फुगलं होतं.

ताई, ते पाहून आधी छातीत धस्स झालं आणि लगेच वाटलं, सुटलो. आता ती वाजवणार नाही, गावात कुणी बोलणार नाही. तो विचार देवापुढे हात जोडले की पुन्हा येतो.

दिवाळीत प्रणाली म्हणाली होती, की जिथे माझं वाजवणं चालत नाही तिथे मी पाहुणी. आता तिला काय सांगू? वानरांनी गच्चीवरून पाडली म्हणावं, तर हनुमान जयंतीच्या तोंडावर वानरांवर आळ घ्यायचा धीर होत नाही. तूच मार्ग सांग.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी माया आटू देऊ नको.

तुझा,
भगवंत

अकोला
२९ मार्च २०२५

चि. भगवंतास,
शकुनताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

कुरड्या वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर जाऊन तुझं पत्र वाचलं. आधी हसू आलं, मग कुरड्या तशाच टाकून बसून राहिले.

अरे शहाण्या, त्या तारा लोखंडी आहेत. दुकानात मी सोबत होते. घटकाभर धर, त्या आतड्याच्या असत्या. मग तुमच्या मृदंगाच्या तोंडाला काय पुरणपोळी मढवली आहे? वामनराव त्यावर थाप मारतात तेव्हा कुणाचं सोवळं मोडत नाही.

पण मला एक सांग. तुला भीती देवाची वाटली की वामनरावांची? देवाची असती तर तू आधी पोरीला फोन केला असतास. लहानपणापासून तुझं असंच आहे. चार माणसं काय म्हणतील ते तुला आधी ऐकू येतं, घरचं माणूस काय म्हणतं ते मागून.

इथली हकीकत ऐक. पेपर संपल्यापासून प्रणाली माझं लाटणं डाव्या हातात धरून त्यावर बोटं बसवते आणि हरिपाठाची चाल गुणगुणते. पोळ्या खोळंबतात. हे म्हणतात, आपल्या घरात आता लाटणंही सुरात आहे. मी हसते आणि मान खाली घालते, कारण मला माहीत आहे आणि तिला नाही.

मी तिला सांगणार नाही. ते तुझं काम आहे. ती पाच तारखेला सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरेल. घराची पायरी चढायच्या आत तिला सांग, आणि सगळं सांग, सुटलो वाटलं तेही. ती उलट्या पावली माझ्याकडे आली तर मी ठेवून घेईन, पण दोष तिला देणार नाही. वानरांचं नाव घेतलंस तर मी स्वतः येऊन देवळात खरं सांगेन.

जमुनाला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ तसाच आहे, म्हणून तर बोलते.

तुझी,
शकुनताई

नांदगाव खंडेश्वर
७ एप्रिल २०२५

तीर्थरूप ताईस,
भगवंताचा सा. न. वि. वि.

प्रणाली पोचल्याचं तुला फोनवर कळलंच आहे. बाकीचं इथे लिहितो.

गिटार चादरीत गुंडाळून मी बडनेऱ्याला गेलो. रस्त्याने काय बोलायचं ते जुळवत होतो, गाडी फलाटाला लागली तसं सगळं विसरलो. तिने डब्याच्या दारातूनच चादर ओळखली. बाकावर बसवून मी तिला टीव्हीपासून गच्चीपर्यंत सगळं सांगितलं. सुटलो वाटलं तेही सांगितलं. तिने चादर उलगडली, ती पट्टी जागेवर लावून पाहिली, मग वास घेतला. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं.

“बाबा, तुमी मले विचारलं काहून नाही?”

मी चादरीची घडी घालत बसलो. समोरच्या फलाटावर अकोल्याकडे जाणारी गाडी उभी होती. ती तिकडे पाहत राहिली. ताई, ती गाडी सुटेपर्यंत मी मारुतीचं नावसुद्धा घेतलं नाही, एवढा गळाठलो होतो. गाडी गेल्यावर तिने बॅग माझ्याकडे दिली आणि गिटार स्वतः घेतली.

अमरावतीला वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. लाकूड वाळल्याशिवाय पट्टी चिकटवता येणार नाही, सप्ताहात तर नाहीच, असं तो म्हणाला. तिथून निघाल्यावर मी तिला विचारलं, की तुझी अजून इच्छा आहे का, असेल तर केव्हा. बस अर्ध्या वाटेवर येईपर्यंत ती बोटांवर तिथी मोजत होती. मग म्हणाली, वद्य एकादशीला, पण गिटार आणायला तुम्ही जायचं.

आतड्याच्या तारांपायी मी गिटार गोमूत्राने पुसली आणि ती बिघडली, हे शेजाऱ्यांकडून वामनरावांच्या कानी गेलं होतं. त्याच संध्याकाळी देवळात हरिपाठाआधी त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. भगवंताने वेळीच सोवळं राखलं, देवालाच ते वाद्य नको होतं, असं म्हणाले. प्रणाली बायकांत बसली होती, जमुनाच्या शेजारी. एरवी मी अशा वेळी मान हलवून मोकळा होतो.

मी उठून उभा राहिलो. खांब धरला. म्हटलं, देवाने काही नाकारलं नाही, चांगलं वाद्य मी माझ्या भीतीने बिघडवलं. तारा लोखंडी होत्या, तेही सांगितलं. मागून कुणीतरी हसलं. वामनराव माझ्याकडे पाहत होते, मी परवानगी मागेन म्हणून. लेकीला विचारून झालं होतं. त्यांना मी विचारलं नाही. येत्या वद्य एकादशीला प्रणाली हरिपाठाला वाजवेल, एवढं सांगितलं आणि खाली बसलो.

तुझी माया अशीच पाठीशी असू दे.

तुझा,
भगवंत