चौतीस इंची सीट

१२ मे, रविवार

पडले! तेही उभ्या गाडीवरून. चालत्या गाडीवरून पडले असते तर निदान सांगायला तरी बरं होतं.

मार्जच्या हॉटेलसमोर, सगळ्यांच्या देखत. थांबले, डावा पाय खाली टाकला — आणि खाली जमीनच नाही! तिथे जरासा उतार होता. साडेपाचशे पौंड एकदा कलायला लागले की कुणाचं ऐकत नाहीत. मी आणि गाडी, दोघी आडव्या. आतली माणसं खाणं सोडून खिडकीशी.

आणि ऑरिन, माझा सख्खा भाऊ, आपल्या बुटक्या क्रूझर मोटरसायकलवर आरामात बसलेला. म्हणतो कसा, "शिडी आणू का गं?" दर रविवारी आमच्याबरोबर निघणारा लायल हसून हसून खोकायला लागला. पण शेवटी गाडी उचलून दिली ती लायलनेच.

नवी गाडी घरी येऊन आज नऊ दिवस.

१४ मे, मंगळवार

गुडघा काळानिळा. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर लंगडत साडेतीनशे पोरांना मॅकरोनी वाढली.

पण पाठ दुखली नाही. रागाच्या भरात हे विसरायला नको म्हणून लिहून ठेवते. एकोणीस वर्षं क्रूझरवर पाय पुढे पसरून बसले — प्रत्येक खड्डा थेट माकडहाडात. या हिवाळ्यात तर सकाळी मोजे घालताना रडायची वेळ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताठ बसता येईल अशी गाडी घ्या, नाहीतर गाडी सोडा."

सोडा म्हणे! माझा नवरा डेल गेल्यानंतर मला माणसांत आणलं ते दर रविवारच्या त्या फेरीने. तेव्हा क्रूझर विकली आणि ही घेतली. अॅडव्हेंचर टूरिंग — डांबरावर चाला, खडीवर चाला, लांब जा. सीट चौतीस इंचांवर. मी पाच फूट दोन इंच. हे दुकानात कसं सुचलं नाही मला?

१९ मे, रविवार

सकाळी सातला ऑरिनचा फोन.

"आठला निघतोय. येतेस ना?"

"आज नाही. खडीवर सराव करायचाय."

"सराव! अठ्ठावन्न वर्षांची बाई, मातीत लोळणार! व्हर्ना, क्रूझर ज्याला विकलीस त्याच्याशी बोलू का मी? देईल तो परत."

"माझी गाडी, मी बघेन."

"रविवार तरी सोडू नकोस गं."

फोन ठेवून दिला. सासष्टचा झाला, तरी मला अजून दहा वर्षांचीच समजतो.

२ जून, रविवार

दोनदा पडले. एकदा वळताना, एकदा नुसती थांबताना. खडीवर पुढचं चाक साबणावरून घसरावं तसं घसरतं. मी ब्रेक आवळते, हँडल आवळते, दात आवळते — आणि जाते खाली.

एक म्हातारा ट्रक थांबवून उतरला. मला उठवलं. गाडीकडे बघून म्हणाला, "नवऱ्याची आहे का?"

नाही! माझी आहे!

८ जून, शनिवार

मार्लाच्या कुरणात दिवसभराचा वर्ग. स्वतःची गुरं सांभाळते आणि शनिवारी असल्या गाड्या चालवायला शिकवते. शिकायला नऊ पुरुष आणि मी. सगळे सहा फुटी.

मार्ला माझ्या अंगावर ओरडली, "दोन्ही पाय टेकवायचा हट्ट सोड! एकच पाय, तोही बोटांवर. त्या बाजूला सरक सीटवरून. आणि खडी आली की उभी राहा. हात सैल! गाडी वळवळणार, वळवळू दे. तू आखडलीस की तीही आखडते."

सांगायला काय जातंय! चार वेळा पडले. पाचव्यांदा मार्ला हाताची घडी घालून नुसती उभी. "मी उचलणार नाही. पाठ सीटला लाव, हँडल वळव, पायांनी रेट." रेटलं. उचलली! एकटीने! आणि स्टँड लावायला विसरले, ती पलीकडच्या बाजूला पडली.

नऊही जण हसले. मीही हसले. मग माझ्या पिकअप ट्रकमध्ये बसून थोडी रडले.

१६ जून, रविवार

किराणा दुकानात लायल भेटला. म्हणाला, ऑरिन तीन-चार रविवार आलाच नाही. आज म्हणे आभाळ भरून येतंय म्हणून घरी बसला. आभाळ! सबंध स्पिअरफिश गावावर एक ढग नव्हता.

"रुसलाय तुझ्यावर," लायल म्हणाला. "तू परत ये, तो येईल."

म्हणजे त्याच्या रुसव्याला कारण मी! तो रुसणार आणि मी माझी पाठ मोडून घेणार! बसू दे रुसून.

२३ जून, रविवार

भांडण झालं.

त्याच्यासाठी ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल घेऊन गेले होते. ओसरीत बसला होता. मी म्हटलं, "नुसता बसून काय करतोस? लायलबरोबर जा की."

"लायलबरोबर जायचं असतं तर गेलो नसतो?"

"मग माझ्यावर कशाला ढकलतोस?"

"कारण तू फक्त स्वतःचं बघतेस! एकोणीस वर्षं आपण बरोबर निघालो. एक दिवस उठलीस आणि गाडी विकून मोकळी. मला विचारलंस?"

"माझ्या पाठीने तुला विचारायचं होतं का?"

"स्वार्थी आहेस तू, व्हर्ना."

त्याच्या तोंडून हा शब्द! आईच्या आजारपणात रात्रंदिवस कोण होतं, त्याला आठवत नाही का? कॅसरोल पायरीवर ठेवलं आणि निघाले. निघताना गाडी बंद पडली. दोनदा! त्याच्यासमोर.

४ जुलै, गुरुवार

स्वातंत्र्यदिनाची परेड पाहिली. क्रूझरच्या रांगेत ऑरिन नव्हता. कुणाला विचारलं नाही.

६ जुलै, शनिवार

गाडी विकायची जाहिरात लिहिली. "जवळपास नवी. मालकीण बुटकी." फाडून टाकली.

हरल्यासारखं वाटतं. क्रूझर गेली, रविवार गेला, भाऊ गेला. उरला हा उंट!

१३ जुलै, शनिवार

पोचले! सिमेंट रिजच्या टेकडीवर, आगीवर नजर ठेवायच्या त्या मनोऱ्यापाशी. एकोणीस वर्षं फाट्यावरची पाटी बघत पुढे जायचे, कारण तिथून पुढे सगळी खडी.

एकटी गेले. चाकांतली हवा थोडी कमी केली, खडी लागली तशी उभी राहिले. गाडी वळवळली. वळवळू दिली. एका ओल्या वळणावर मागचं चाक पार बाजूला गेलं — पण हात सैलच ठेवले, आणि गाडी आपली आपण सरळ झाली. एकदाही पडले नाही.

वर वारा भणाणत होता. पश्चिमेला सगळं वायोमिंग राज्य पसरलेलं. पाठ ठणठणीत. मनोऱ्याच्या पायरीवर सँडविच खाल्लं आणि फोन काढला. ऑरिनचा नंबर काढला. मग फोन परत खिशात.

एवढा आनंद झाला, आणि ऑरिनचाच राग येत राहिला. सांगायला दुसरं आहे तरी कोण मला?

१४ जुलै, रविवार

ऑरिन आला. चालत! दोन मैल, या उन्हात. हातात हेल्मेट.

क्रूझर लायलला देऊन टाकली म्हणाला. दोन वर्षांपासून डोळ्यांसमोर मधोमध पुसट होत चाललंय, रस्त्याची कडही नीट दिसत नाही. आता डॉक्टरने लायसन्स परत करायला लावलं. "तू पुढे असायचीस. तुझा मागचा लाल दिवा धरून यायचो. तू आली नाहीस त्या पहिल्या रविवारी लायलच्या मागे निघालो. तो सुसाट सुटला. मी वळणावर सरळ कुंपणात."

"बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तूच चावी काढून घेतली असतीस."

घेतलीच असती.

मग मी गाडी ओसरीच्या पायरीला लागून उभी केली, म्हणजे एक पाय पुरता टेकला.

"मागे बस."

"उंच आहे गं."

"आधी फूटरेस्टवर पाय ठेव. माझा खांदा धर."

धरला.