मडक्यांची वाट

बाबा, आज ताईची लेक परतवाड्याहून वाशिमला आली, स्वतः मोटार चालवत. दारात उतरली तेव्हा तिच्या साडीला सुरकुती नव्हती. मी विचारलं, "कोणत्या वाटेनं आलीस वं?" ती हसून म्हणाली, "मावशी, सगळीकडे डांबर आहे आता. कोणत्याही वाटेनं या, तेवढेच तास लागतात." कोणत्याही वाटेनं! हे तुम्ही जन्मात मान्य केलं नसतं. तुम्ही सडकेचे मुकादम, वाशिम ते मालेगावची गिट्टी तुमच्या देखरेखीखाली पसरलेली. लोक बैलांबद्दल बोलतात तसं तुम्ही रस्त्याबद्दल बोलायचात. हा तुकडा मारका आहे, तो पावसाळ्यानंतर शहाणा होतो, असं. ती आत आंघोळीला गेली आणि मी ओसरीवर बसून तुमच्याशी बोलायला लागले. बोलता बोलता कागद घेतला.

त्या हिवाळ्यात मी तेरा वर्षांची होते. ताई परतवाड्याला सासरी, सातवा महिना लागलेला. आदल्या खेपेला तिला बाळंतपणासाठी बैलगाडीतून आणताना वाटेतच सगळं संपलं होतं, आणि त्यानंतर आई तिचं नाव निघालं की चुलीकडे तोंड फिरवायची. या वेळी तुम्ही पेठेतल्या जैन शेठजींकडे गेलात. गावात मोटार त्यांचीच. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घेऊन जा मुकादम, डायवर बी घेऊन जा. तुमची लेक ते आमची लेक." तुम्ही घरी येऊन हे सांगितलंत तेव्हा आई एवढंच बोलली, "मोटार भेटली, पण रस्ता तं तोच हाय न?"

जाताना आपण पक्क्या सडकेनं गेलो, मालेगाव, पातूर, अकोला, अकोट. तुम्ही पुढे डायव्हरजवळ आणि मी मागे एकटी, ताई बसणार होती त्याच जागी. माझ्या मांडीवर तुम्ही काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. "पाणी सांडलं का आवाज दे," म्हणालात. पातूरच्या घाटात मी इतक्यांदा आवाज दिला की डायव्हरचाचा म्हणाले, "बेटी, आता न सांडलं तं सांग." मी खो खो हसले आणि उरलेलंही सांडलं. अकोल्याला तुम्ही तांब्या पुन्हा भरलात. पुढे ऊन चढलं, मला तहान लागली, आणि मी गुपचूप चार घोट प्याले. अकोटला तुम्ही तांब्यात डोकावलात. "एवढं सांडलं? आवाज तं दोनदाच आला." मी मान हलवली. चाचांनी आरशात सगळं पाहिलं होतं. ते म्हणाले, "मुकादम, पोटात सांडलं ते."

मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही मोटार थांबवायला लावली, खाली उतरलात, माझ्या बाजूचं दार उघडलंत. "पेली त्याचं काही नाही. तान लागली तं मांगून पेत जाय. पण खोट्या मापानं मी वाट ठरवली, आन् तुया बहिणीले काही झालं, तं कोन जबाबदार?" तुम्ही आवाज चढवला नव्हता. मग तुम्हीच तांब्या भरून परत मांडीवर ठेवलात. त्यानंतर परतवाड्यापर्यंत मी श्वाससुद्धा जपून घेतला. तरीही तांब्या निम्मा झालाच. पक्की सडक नापास.

ताईच्या सासऱ्यांनी तर अंगणातच सांगून टाकलं, "इवाई, मांगच्या खेपेचं तुमाले मालूम हाय. मी सून धाडत नाही." ताई दाराआड उभी होती. तिचे फक्त हात दिसत होते, पदराचं टोक पिळणारे. तुम्ही वाद घातला नाहीत. म्हणालात, "मले दोन रोज द्या. चांगली वाट नाही भेटली तं मी रिकाम्या मोटारीनं वापस जातो."

दोन दिवस तुम्ही बाजारात हिंडलात आणि मी तुमच्या मागे. मेळघाटातून लाकूड आणणारे गाडीवान, धान्याच्या गाड्या हाकणारे, सगळ्यांना एकच प्रश्न, वाशिमची चांगली वाट कोणती. प्रत्येकाला आपलीच वाट सरस वाटायची, आणि प्रत्येकाच्या मते सरस म्हणजे जवळची. दुसऱ्या दिवशी दुपारी आपण एका कुंभाराच्या गाडीपाशी उभे राहिलो. तो कडब्यात मडकी रचत होता. तुम्ही बघत राहिलात आणि अचानक तुमचा चेहरा उजळला. तसा उजळलेला मी पुढे फार वेळा पाहिला नाही. "का बा, दर्यापूरच्या बाजारले हे मडके कोन्या वाटेनं नेता?" तो म्हणाला, "अंजनगावावरून, मातीच्या वाटेनं. लांब पडते, पण गिट्टीच्या सडकेनं गेलो तं बाजारात खापरंच इकावे लागतीन." तुम्ही मोठ्यानं हसलात, त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि विचारलंत, "आन् दर्यापूरच्या पुढं?" "पुढचं मले काय ठाव? तिथल्या कुंभाराले इचारा."

बाबा, मग आपण कुंभारांना विचारत त्यांच्याच वाटेनं आलो. कुंभाराची वाट ऐकल्यावर ताईचे सासरेही विरघळले. "मडकं फुटत नाही तिथं," एवढं म्हणून त्यांनी स्वतः मोटारीत गोधड्या पसरल्या. चाचा मात्र कुरकुरत होते, "पक्की सडक सोडून मातीत गाडी घालून राह्यलो, शेठजी काय म्हनतीन?" पण अंजनगाव सोडलं, पानमळ्यांचा ओला वास मागे पडला आणि चाकं काळ्या मातीच्या त्या मऊ फुफाट्यात शिरली, तशी त्यांची कुरकुर थांबली. मोटार चालत नव्हती, वाहत होती. आपण सगळे धुळीनं काळे झालो. ताई डोळे मिटून दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसलेली. हळूहळू तिची बोटं सैल झाली. त्या भागात विहिरींना खारं पाणी, म्हणून तुम्ही दोन घागरी गोड पाणी बरोबर घेतलं होतं. ताई मागेल तेव्हा, आणि माझ्याकडे न बघता मलाही, तुम्ही ते देत होतात.

दर्यापूरला आपण कुंभाराचं घर शोधलं. त्याची म्हातारी आई पुढची वाट सांगताना ताईकडे पाहून म्हणाली, "पूर्णेच्या रेतीत मोटर फसन. पण भेव नोको, आमचे बैल येतात." आणि खरंच फसली. पात्रात घोट्यापर्यंत पाणी, आणि बैलजोडी मोटार ओढते आहे, चाचा आत बसून उगाच भोंगा वाजवताहेत, काठावर धुणं टाकून बाया हसताहेत. ताईला उतरायला तुम्ही मनाई केली होती. ती राणीसारखी आत बसली आहे आणि हसते आहे, पोटाला हात लावून हसते आहे. वर्षभरात तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकत होते. तुम्ही गुडघ्यापर्यंत धोतर खोचून मागून रेटत होतात आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धूळ गेली म्हणालात.

मूर्तिजापूर झालं, कारंज्याला मुक्काम झाला. मंगरुळपीरच्या अलीकडे मैलभर रस्ता नवा उखडलेला निघाला, तिथे कुंभारांकडेही इलाज नव्हता. तुम्ही खाली उतरलात आणि मोटारीपुढे चालायला लागलात. वाटेतला एकेक दगड वाकून उचलायचा, कडेला टाकायचा, पुढे जायचं. चाचा पावलाच्या वेगानं मोटार घेऊन मागे. ताई म्हणाली, "बाबा, बसा न आता." तुम्ही मागे वळून बघितलंसुद्धा नाही. "माहं रोजचंच काम हाय," म्हणालात.

घरी आलो तेव्हा आई उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन उभी होती, पण ओवाळायचं विसरून तिनं ताईला मिठीच मारली. दोन महिन्यांनी जी मुलगी झाली, ती आत्ता आत आंघोळ करते आहे आणि गाते आहे.

सगळे अजून म्हणतात, बहिणीच्या काळजीनं ही तेरा वर्षांची पोर एवढ्या लांब गेली. तुम्हीही शेजाऱ्यांना तसंच सांगायचात. हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. काळजी मला पहिल्यांदा परतताना वाटली, नदीत ताई पोटाला हात लावून हसली तेव्हा. निघताना मला फक्त मोटारीत बसायचं होतं.