वरणाची पळी

राधाकिशन,

तू रोगण लावलेला पाळणा बघून शिसारी आली बे. मुरदाडशिंगानं, त्या शिशाच्या विषारी भुकटीनं, जवसाचं तेल लवकर वाळतं, पण ते चिमूटभरच घालायचं असतं. उद्या बारसं हाय म्हणून तू मूठभर ओतलंस. आता रोगण वरून सुरकुतलंय अन् आत शेंबडावानी लिबलिबतंय. लेकराला झोळीत निजवा.

पाळणा पुन्हा खरवडता येईल. पण ते इख तू वरणाच्या पळीनं ढवळलंस, अन् पळी नुसती पुसून चुलीपाशी ठिवलीस! कावून? पळी मी उकिरड्यात पुरली. मग काल त्याच पळीनं तू तुझ्या बाळंतीण बायकोला वरण वाढलंस, म्हणून वैद्याला आणाया उमापूरला चाललोय. तिला काय वाढलंस, ते मी यायच्या आत तुझ्या तोंडानं तिला सांग.

तुझा थोरला भाऊ,
हरिबा