साहेब बसले की माल पास

३ मार्च

झालं एकदाचं! वकीलबाईंकडे जाऊन मृत्युपत्राचा मसुदा करून आले. दुकान मुलाला. घर ट्रस्टमध्ये — माझा धाकटा भाऊ आहे तोवर ते कोणाला विकता येणार नाही. त्याचा कायदेशीर पालकही मुलगाच. वकीलबाई म्हणाल्या, "इतकं स्पष्ट सांगणारं माणूस क्वचित येतं." म्हटलं, सोफे शिवण्यात जन्म गेला, कापडाला कात्री लावायच्या आधी माप घ्यायची सवय आहे.

दुकान, घर हे सोपं. खरा प्रश्न साहेबांचा. धाकट्याला दुकानात सगळे साहेबच म्हणतात. पन्नाशी उलटली, समज सात-आठ वर्षांच्या पोराची. आई जाताना त्याचा हात माझ्या हातात देऊन गेली. मी तो कोणाच्या हातात देऊ?

५ मार्च

आज साहेबांनी तपकिरी सोफा नापास केला. त्यांचं कामच ते — तयार सोफ्यावर जाऊन बसायचं. बसून राहिले तर माल पास. चुळबुळ करून उठले की शिवण उसवायची, स्प्रिंग बघायची. मिस्त्री पूर्वी कुरकुरायचे, "यांच्या बसण्यावर काय ठरवायचं, बाई?" आता मुकाट्याने उसवतात.

८ मार्च

बसून बघितल्याशिवाय माल दाराबाहेर सोडत नाही, मग मृत्युपत्रावर तशीच सही ठोकायची? छे! मी आठवडाभर मरून बघणार.

मुलगा म्हणाला, "आई, काहीतरीच काय!" सून हसली नाही. "राहणार कुठे?" एवढंच विचारलं. मैत्रिणीकडे. मी फोन करायचा नाही, त्यांनीही नाही.

१० मार्च

मेले. छान झोप लागली.

१३ मार्च

राहवलं नाही, फोन केलाच. सुनेने उचलला. "मेलेल्या माणसाने फोन करायचा नसतो," म्हणाली आणि ठेवून दिला. शाब्बास!

१७ मार्च

परत आले. साहेब ठणठणीत. नखं कापलेली! माझ्याशी त्यावरून दर वेळी महायुद्ध. सुनेने कशी कापली? "आधी त्यांना माझी कापू दिली." एवढ्या वर्षांत मला हे सुचलं नाही.

चिरंजीवांचा मुक्काम मात्र दुकानात. निळ्या सोफ्यावर उशी, चादर, दाढीचं सामान. "ऑर्डरी तुंबल्यात," म्हणे. कष्टाळू आहे पोरगा. पण मामाचं औषध कधीचं, विचारलं तर बायकोच्या तोंडाकडे बघतो.

ठरलं. पालक म्हणून सुनेचं नाव. मुलाला वाईट वाटेल — वाटू दे!

१९ मार्च

वकीलबाईंना कळवलं. मुलगा फक्त "बरं" म्हणाला. मला वाटलं होतं, भांडेल. शहाणा आहे. नवा मसुदा तयार झाला की सही, की मी मोकळी.

२१ मार्च

सून चहा घेऊन आली, दार लोटून घेतलं. "आई, सही करायच्या आधी सांगते, नाहीतर ती फसवणूक होईल. आम्ही वेगळे होतोय. ते कधीपासून दुकानातच झोपतात. मी खोली घेतलीय."

कष्टाळू म्हणे! लोकांच्या सोफ्याची एक शिवण सुटली तर मला लांबून दिसते, आणि घरात एवढं उसवलेलं दिसलं नाही. मी ओरडले, "आणि साहेबांचं काय?" ती रडायला लागली. "म्हणूनच सांगतेय. माझं नाव काढा. उद्या मी तुमची कोणी नसेन."

फार राग आला. चहा तसाच गार झाला.

२३ मार्च

साहेबांना घेऊन तिची खोली बघायला गेले. बघायला कसली, भांडायला. जिना अरुंद, खिडकी एकच, आणि आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेली आरामखुर्ची. स्प्रिंग वर आलेली, दारातूनच दिसली मला. साहेब थेट तिच्यावर जाऊन बसले. आता उठतील, मग उठतील — मी बघत राहिले. त्यांनी बूट काढले.

मग माझ्याने भांडवेना. "पेलवेल तुला?" विचारलं. ती म्हणाली, "मामांची गादी खिडकीशी टाकायची, एवढं ठरवलंय."

निघायची वेळ झाली. "चला, साहेब." हलेनात.

२४ मार्च

मुलाला सांगितलं. त्याने हातातली शिवण पुरी केली. मग म्हणाला, "मामाचं तिच्याकडेच बरं चालेल."

मिस्त्रींना ती स्प्रिंग बसवायला पाठवलं. वकीलबाईंना फोन लावला. "अहो, ऐकलं मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सुनेचं नाव काढायचं ना?"

म्हटलं, नाव तेच. पत्ता बदला.