टलच्या घरी मांजरं किती होती

चिको, कॅलिफोर्निया
१४ नोव्हेंबर

प्रिय गॅरेट,

तुला आणि तुझ्या त्या आगाऊ कुत्र्याला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. इथे गारठा पडायला लागलाय. मैत्रिणीच्या, फर्नच्या गॅरेजवरच्या खोलीत मी अजून तग धरून आहे. गुडघा कुरकुरतो, त्याचं तेच काम. बाहेरगावी जाणारे लोक पुन्हा फोन करायला लागलेत, "आमची कुत्री सांभाळशील का?" म्हणून. मी नाही म्हणते. वणव्यात घर गेलं म्हणून ही खचली, असं त्यांना वाटतं. वाटू दे.

रविवारी तू विचारलंस, "लोक ब्रेन्नाबद्दल म्हणतात ते खरं असेल का गं?" आणि मी म्हणाले, "बोलणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार?" मग शेगडीवर सूप आहे असं सांगून फोन ठेवला. सूप नव्हतंच.

लोक काय म्हणतात ते मी तुझ्याआधी ऐकलंय. डार्ला तिच्या जनावरांच्या खाद्याच्या दुकानात सगळ्यांसमोर बोलत होती, "दोन्ही मांजरं पिंजऱ्यात, पिंजरे गाडीत, गाडी चालू. मग बाई जळत्या रस्त्यावरच्या घरात परत शिरेल कशाला? टलच्या बायकोचे दागिने कुणाला ठाऊक नव्हते?" मी चार हातांच्या अंतरावर उभी होते, खाद्याची पिशवी कवटाळून. तुझ्या बायकोला चोर म्हणत होते आणि मी तोंड उघडलं नाही.

आता उघडते.

ज्यांची जनावरं मी सांभाळायची त्या प्रत्येक घराचा माझा एक कागद असायचा, तुला माहीतच आहे. जनावरं किती, लपतात कुठे, औषधं कोणती, आणि मी पोचू शकले नाही तर जवळचं दुसरं माणूस कोण. पिंजरे दाराशी, झाकणं उघडी. वाचनालयात त्यावर व्याख्यानं दिली मी, मिरवून घेतलं. ब्रेन्ना चिडवायची, "लोरेटा, तू देवालासुद्धा बदली माणूस नेमशील." आणि माझा एक नियम होता, तोही तिला मीच घोकून घोकून शिकवला. कागदावरची डोकी मोजून झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

म्हाताऱ्या ऑरविल टलच्या कागदावर बदली माणूस ब्रेन्ना होती, कारण तुमचं घर दोन घरं सोडून. आणि त्या कागदावर मांजरं तीन होती. मेबल, जून आणि पर्ल.

पर्ल मरून दोन वर्षं झाली होती, गॅरेट.

ती त्याच्या बायकोची मांजर. बायको गेली त्याच हिवाळ्यात तीही गेली. मी नाव खोडायला पेन काढलं तर म्हातारा म्हणाला, "राहू दे ना. कुणाचं काय बिघडतंय?" मलाही वाटलं, काय बिघडणार? राहू दिलं. आग विझवणाऱ्यांसाठी दारावर चिकटवलेल्या पट्टीवरही मांजरं तीनच राहिली. शिवाय पर्लची पाण्याची वाटी रोज भरायची, हा त्याचा हट्ट. तो रीनोला मुलीकडे गेला की मी भरायची. तो फोनवर विचारायचा, आणि मला खोटं बोलवत नसे. बघ, केवढी मी सत्यवचनी!

ब्रेन्नाला यातलं काही माहीत नव्हतं. दर उन्हाळ्यात आम्ही घराघरांतून तालीम करायचो, पण टलच्या घराची मी एकटीच उरकायची. ते घर मला पाठ होतं ना.

त्या सकाळी ऑरविल रीनोला होता आणि मी होलिन्सच्या चार कुत्र्यांना घेऊन धरणापलीकडे होते. घरं सोडायचा हुकूम आला तसा ब्रेन्नाला फोन केला. "टलचं घर तू बघ." ती म्हणाली, "कागद कुठाय?" "फ्रीजवर." संपलं. पर्ल नाहीये, एवढंच सांगायला किती वेळ लागला असता? मला आठवलंच नाही. दोन वर्षं तिच्या वाटीत पाणी ओतून ओतून ती मेलीय हे माझ्याच डोक्यातून गेलं होतं.

तपासणाऱ्या अधिकाऱ्याने विचारलं, ती परत आत का गेली असेल? मी म्हणाले, धुरात माणसाला भान राहत नाही. शोकसभेच्या दिवशी तुलाही तेच सांगितलं. तिचं भान पूर्ण शाबूत होतं. ती मोजत होती.

घर जळलं, दार जळलं, कागद जळला. ऑरविलला हल्ली काही धड आठवत नाही. फोनवर विचारतो, "पर्ल घाबरली नाही ना?" मी नाही म्हणते. म्हणजे सांगणारी मी एकटीच उरले, आणि मी अडीच महिने गप्प बसले. मला तुझी भीती वाटत होती. आपल्या आईनंतर माझं असं तूच एक माणूस आहेस.

अजून एक आहे. 

अकरा वाजून दहा मिनिटांनी ब्रेन्नाचा फोन आला होता. माझ्या दोन्ही हातांत कुत्र्यांचे पट्टे. नाव बघितलं आणि वाटलं, काम झालं हे सांगायला करत असेल. उचलला नाही. तिने निरोप ठेवला. चाळीस मिनिटांनी मी तो ऐकला. तेव्हापासून रोज ऐकते. अक्षर न् अक्षर लिहिते:

"लोरेटा, दोघी मिळाल्या. पर्ल सापडत नाहीये. वाटी भरलेली आहे, म्हणजे आतच असणार. पलंगाखाली बघितलं, आता वरची कपाटं बघते आणि निघते. गॅरेटचा फोन लागत नाही. त्याला सांग, मी येतेय, त्याने मला शोधायला अजिबात माघारी यायचं नाही. त्याचं डोकं फिरतं अशा वेळी. आणि सांग की सकाळी मी उगाच भांडले."

उद्या हा फोन आणि माझा जबाब घेऊन अग्निशमन कचेरीत जाते. तिथून डार्लाच्या दुकानात, भर गिऱ्हाइकात. याने काही भरून येणार नाही, मला ठाऊक आहे. यापुढे मी कुठल्याही घराचा कागद भरणार नाही. तू माझ्याशी बोललास तर ऐकेन, नाही बोललास तर तेही माझंच आहे.

ती तुझ्यासाठी शब्द ठेवून गेली होती, गॅरेट. ते मी दाबून ठेवले.

लोरेटा